डेल्सफर्डचं कौतुक पुरे

आडवाट:
कालच्या धाग्यात एकानं लिहिलं, 'इंग्रजांनी हवेल्या जपल्या, आपण वाडे पाडले, आपल्याला वारशाची किंमतच नाही.' उदाहरण काय, तर ग्लॉस्टरशरचं डेल्सफर्ड! अहो, ते बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जचं घर. पूर्वजांनी घालवलेली जमीन त्यानं 1788 मध्ये परत घेतली आणि वास्तुकार सॅम्युएल पेपिस कॉकरेलकडून घुमटवालं घर बांधून घेतलं. पैसा बंगालचा. आतलं हस्तिदंती सामान मीर जाफरच्या विधवेकडचं, मुन्नी बेगमकडचं. वारसा म्हणे!

पानसुपारी:
भारतातल्या कारभारावरून पार्लमेंटात त्याच्यावर सात वर्षं खटला चालला, 1795 ला निर्दोष सुटला. वकिलांपायी बुडाला. ईस्ट इंडिया कंपनीनं वर्षाला 4,000 पौंड लावून दिले म्हणून तगला. लुटारू असा कफल्लक होतो?

आडवाट:
याक पाळायला पैसे होते की! 1791 मध्ये जॉर्ज स्टब्जनं त्या याकचं चित्र काढलंय. आणि वडगाव विसरलात? 1779 मध्ये महादजींनी मुंबईकर इंग्रजांना कोंडून तह करायला लावला, तो यानंच धाब्यावर बसवला.

सातवा वाटेकरी:
जपणुकीचं बोला. तिकडे सगळं थोरल्याला, म्हणून घर अखंड. आमच्या वाड्याच्या उताऱ्यावर 23 नावं. इंग्लंडातले काका सही करत नाहीत. जमीन कूळकायद्यात गेली, डागडुजी कशानं करायची? गेल्या पावसात माडी बसली.

पानसुपारी:
कूळकायद्याच्या नावानं रडू नका. माझे आजोबा कूळच होते, जमीन मिळाली म्हणून आम्ही शिकलो.

सातवा वाटेकरी:
आधी खंड बुडवायचा, मग शिकायचं. छान.

आडवाट:
धागा डेल्सफर्डचा आहे!!

पानसुपारी:
माडी बसली की बसू दिलीत? बिल्डर ठरलाच असेल.

सातवा वाटेकरी:
तोंड सांभाळा. त्या रात्री आई एकटी होती घरात.

पानसुपारी:
...बिल्डरचं मागे घेतो. खंडाचं तुम्ही घ्या.

जाताजाता:
मुळात त्यांनी तरी कुठं जपल्या? दोन महायुद्धं, वर वारसा कर. शेकडो हवेल्या पाडल्या. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमनं त्या पाडापाडीचंच प्रदर्शन भरवलं होतं. डेल्सफर्डही हेस्टिंग्जच्या वारसांकडे राहिलं नाही. आता त्या नावानं सेंद्रिय फार्म चालतो, दुकानासकट.

आडवाट:
बरं, 'जपल्या' खोटं ठरलं. माझंच म्हणणं झालं की.

पानसुपारी:
तुमचं म्हणणं लुटीचं होतं. सोयीनं बदलू नका.

सातवा वाटेकरी:
काका दर दिवाळीला तिथलंच चीज आणतात. सही विसरतात.