एमएम ५४० ला एलईडी मागचे दिवे लावले, आता एक इंडिकेटर दिला की चारही लागतात

घाटवाट_चिपळूण:

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, वडिलांनी १९९३ साली घेतलेली. पावसाळ्यात चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटणकडे माझं सारखं येणं-जाणं असतं, आणि शेवटचे दोन किलोमीटर चिखलाची वाट. मागच्या जुलैत हेळवाकच्या अलीकडे धुक्यात एक टेम्पो माझ्या बंपरला जवळजवळ टेकूनच थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "दिवा दिसलाच नाही हो तुमचा." बघितलं तर बल्ब जळत होता, पण काचेच्या आत चमचाभर पाणी आणि मागची चकती पार काळी पडलेली. त्याच आठवड्यात चार इंची गोल एलईडी दिवे आणले.

मागचे बसवल्या बसवल्या इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागले. दुकानदाराने एलईडीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) दिला आणि पुढेही एलईडी बल्ब घालायला सांगितलं. आता वेग बरोबर आहे, पण डावा इंडिकेटर दिला की उजवेही लागतात, जरा मंद. उजवा दिला तरी तेच. डॅशवरचा हिरवा दिवा जेमतेम पेटतो. पुढचे जुने बल्ब परत घातले की हा प्रकार थांबतो.

दुसरी भानगड ब्रेकची. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की डावा दिवा लख्ख होतो, उजवा मात्र उलट मंदावतो. मल्टिमीटर लावून पाहिला, उजव्याच्या पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर तिन्ही वायरींत १२ व्होल्ट व्यवस्थित येतात. मग दिवाच खराब म्हणायचा का? रविवारी सगळं उपसायला घेणार आहे, त्याआधी कुणी सांगेल तर बरं.

दगडधोंडे_४बाय४:

माझ्या थारला मी मागच्या दोन्ही इंडिकेटरना ६ ओहम ५० वॅटचे रेझिस्टर, म्हणजे जुन्या बल्बसारखा करंट ओढणारे रोधक, समांतर जोडले. फ्लॅशर जुनाच, तीन वर्षं झाली, काही त्रास नाही. तुमचं चारही लागणंसुद्धा त्याने थांबेल. दहा मिनिटांचं काम आहे.

कराडचा_वायरमन:

चिपळूणकर, दिवे चांगले आहेत. परत करायला जाऊ नका.

आधी इंडिकेटरचं. तुमच्या डॅशवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा आहे. त्याच्या होल्डरला दोन वायरी येतात, एक डाव्या इंडिकेटरची, एक उजव्याची. त्याला स्वतःची अर्थ, म्हणजे करंट बॉडीत परत न्यायची वायर, दिलेलीच नाही. डावा दिला की करंट हिरव्या दिव्यातून जातो आणि उजव्या बल्बांमधून बॉडीत उतरतो. २१ वॅटचा बल्ब एवढ्याशा करंटने तांबडासुद्धा होत नाही, तो तिथे नुसत्या वायरीचं काम करतो. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरतो, म्हणून उजवे पेटतात आणि हिरवा दिवा उपाशी राहतो. पुढचे जुने बल्ब घातले की करंटला परत वाट मिळते, म्हणून तुमचं बंद होतं. खात्री करायची तर हिरवा बल्ब काढून बाजूला ठेवा. चारही लागणं तिथल्या तिथे थांबलं पाहिजे.

उपाय दोन डायोडचा (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), १ एन ४००७, रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतो, दोन-चार रुपयांची वस्तू. हिरव्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवा. प्रत्येकीला एक डायोड, काळं टोक वायरीकडे आणि चंदेरी पट्टीचं टोक दिव्याकडे. पट्टीची दोन्ही टोकं एकत्र पिळून दिव्याच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला नवीन अर्थ. डायोडचे पाय कडक असतात, एकदा वाकवले की परत परत वाकवू नका, आणि प्रत्येकावर वेगळी स्लीव्ह चढवा, नाहीतर डॅशच्या मागे पत्र्याला लागून फ्यूज उडेल.

थारवाल्या भाऊंनी सांगितलेला रेझिस्टर चुकीचा नाही, पण मी तो शेवटी धरतो. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले तर ६ ओहममध्ये सव्वादोनच्या जरा वर अँपिअर जातात, म्हणजे जवळजवळ ३३ वॅटची उष्णता. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो म्हणून निभावतं. धुक्यात हजार्ड लावून अर्धा तास उभं राहिलात की त्यावर बोट ठेवता येत नाही. लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवायचा, वायरींच्या जुडग्यावर किंवा दिव्याच्या प्लॅस्टिकला चिकटवून कधीही नाही. तुमच्याकडे एलईडीचा फ्लॅशर आलेलाच आहे, तेव्हा गरज नाही. त्या फ्लॅशरला बी आणि एल शिवाय ई नावाची तिसरी पिन असते, तिला अर्थ नीट दिलीय ना तेवढं बघून घ्या.

आता ब्रेक. यात माझा जीव अडकतो, कारण असल्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात आणि मालकाला कळतच नाही की ब्रेक दाबल्यावर त्याचा दिवा विझतोय. पाय ब्रेकवर असतो, मागे बघणार कोण? तुमच्या उजव्या दिव्याची अर्थ गेलेली आहे. तुम्ही तपासलीत ती येणारी बाजू. मल्टिमीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. असं करा: पार्किंग चालू ठेवा, कुणाला तरी ब्रेकवर बसवा, मीटरची एक पिन दिव्याच्या काळ्या वायरीला, जिथे ती दिव्यातून बाहेर येते तिथेच, आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर माझं चुकलं. तीन-चार व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होतायत. ब्रेक दाबला की करंट वाढतो, वाटेतली गळतीही वाढते, आणि दिवा उजळायच्या ऐवजी पडतो.

अर्थ बहुतेक बॉडीच्या पत्र्यात स्क्रू मारून घेतलेली असणार. परवाच एका जीपचा असा स्क्रू काढला, तर वॉशरखाली हिरवी भुकटी आणि त्याखाली तीन थर रंग. स्क्रूच्या फक्त दोन आट्यांनी पत्रा धरला होता. त्यात बॉडी आणि चेसिसच्या मध्ये रबरी पॅड आणि तीस वर्षांचा गंज. बॉडीवर विसंबूच नका. दोन्ही मागच्या दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून दीड स्क्वेअर मिलिमीटरची एक वायर चेसिसवर न्या. जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, तांब्याचा लग (वायरीच्या टोकाची कडी), दात्यांचा वॉशर, नट घट्ट, आणि वरून व्हॅसलीन. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी चेसिसला जिथे लागते तीही उघडून साफ करा.

जिप्सीवाली_नाशिक:

वायरमनकाकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पाण्याचं सांगते. दिव्यात पाणी जाऊ नये म्हणून मी कडेने सगळीकडे सिलिकॉन भरलं होतं. पहिल्याच ओढ्यानंतर आत वाफ धरली आणि आठवडाभर गेलीच नाही. गरम दिवा थंड पाण्यात गेला की आत हवा आकसते आणि कुठून ना कुठून पाणी खेचते. आता वरची आणि बाजूची कडा बंद केली आहे, खालचं भोक मोकळं. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वायरींजवळ अजिबात वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. माझ्या एका जोडाची वायर हातात धरली तर काळी पडून तुटलीच. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं मागा.

जोड सोल्डर करणार असाल तर वायर जिथे कडक होते त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधा. दगडावर गाडी हादरते तेव्हा वायर बरोबर तिथे तुटते. मी आता क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवते. वायर दिव्यात शिरायच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळ तिथून टपकेल. बॉडीच्या भोकात ग्रोमेट (रबरी कडी) हवाच.

अजून एक. तुमच्या जुन्या दिव्याच्या काचेत लाल परावर्तक होता, बाजारातल्या बऱ्याच एलईडी दिव्यांत तो नसतो. नसेल तर वेगळे दोन लावून घ्या. नियमात लागतोच, पण गाडी घाटात बंद पडून बॅटरीही गेली तर मागच्याला तेवढाच दिसतो.

घाटवाट_चिपळूण:

रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. हिरवा बल्ब काढला आणि डावा इंडिकेटर दिला: फक्त डावे. काका, तिथेच तुम्हाला नमस्कार केला. डायोड लावले, हिरवा दिवा आता पहिल्यासारखा पेटतो. मिनिटाला ८६ वेळा लुकलुकतो, मोजून बघितलं.

उजव्याच्या काळ्या वायरीवर ब्रेक दाबल्यावर ३.७ व्होल्ट आले. स्क्रू पिळला तर पत्र्याचा तुकडाच सोबत आला, मागे नखाएवढं भोक. दोन्ही दिव्यांची अर्थ चेसिसवर नेली, आता ०.०६. मीही भरलेलं सिलिकॉन खरवडून खालची भोकं मोकळी केली. परावर्तक बंपरवर दोन्हीकडे लावले.

काल पहाटे घाटात धुकं होतं. पोफळीच्या वर रस्ता रुंद आहे तिथे कडेला थांबलो, पुतण्याला ब्रेकवर बसवलं आणि पावलं मोजत मागे चालत गेलो. सत्तर पावलांवर गाडी दिसेनाशी झाली, दोन्ही पार्किंग दिवे दिसत होते. तिथून ओरडलो, त्याने ब्रेक दाबला. दोन्ही सारखे लख्ख. वडील गाडीतच बसले होते, त्यांनी काच खाली करून विचारलं, "दिसतंय का रे?"

नंबर प्लेटचा बल्ब मात्र अजून जुन्याच स्क्रूच्या अर्थवर आहे आणि मधूनच फडफडतो.

कराडचा_वायरमन:

त्याचीही काळी वायर चेसिसवरच्या त्याच लगला आणा, वेगळं भोक पाडू नका. आणि पाऊस संपला की तो नट एकदा उघडून बघा.