चोऱ्यांचा आकडा वाढला: चोर वाढले की नोंदी?

सोसायटीवाला: आमच्या पोलीस ठाण्याच्या 2023 आणि 2024 च्या चोऱ्या बैठकीत मांडायच्या आहेत. मधेच कलमं बदलली, हद्दही तुटली. वाढ खरी की नुसती कागदावरची, कसं ओळखायचं?

मुद्देमाल: कलमासमोर कलम ठेवून तुलना केलीत तर फसाल. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या 379 ची साधी चोरी नव्या 303 मध्ये गेली, पण सगळी नाही. एसटीतून बॅग पळवणं, रिक्षा-टेम्पो चोरणं आता 305 मध्ये, म्हणजे जुन्या 380 च्या घरातल्या चोरीसोबत. साहजिकच 305 फुगलेलं दिसतं. साखळी हिसकावणं आधी 379 किंवा 392 (जबरी चोरी) खाली जायचं, त्याला आता वेगळं 304. त्यामुळे 379, 380, 392 एकीकडे आणि 303, 304, 305, 309 (आताची जबरी चोरी) दुसरीकडे, असे गट करा. मोजायचे मात्र एफआयआर, कलमं नव्हे. एकाच घरफोडीच्या गुन्ह्यात 331 (घरफोडी) आणि 305 (चोरी) दोन्ही असतात.

आणि हो, घटना 30 जूनची, तक्रार जुलैत, तर कलम जुनंच लागतं.

शीवरेषा: हद्द तुटली असेल तर जुनं आणि नवं ठाणं मिळून एकच बेरीज धरा. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं तेव्हा हिंजवडी पुणे शहरातून गेलं, चाकण ग्रामीणमधून. त्या वर्षीची दोन्हीकडची 'घट' कुणी मिरवली तर ती नकाशावरची घट.

सोसायटीवाला: आणि जे गुन्हे दाखलच होत नाहीत, ते?

मुद्देमाल: तिथेच खरी गोम आहे. चोरीला गेलेला मोबाईल 'गहाळ' म्हणून लिहिला की गुन्ह्यांत येत नाही. शिवाय नव्या कायद्यात 303 मधली 5,000 रुपयांखालची चोरी अदखलपात्र, म्हणजे एनसी; तिचा थेट एफआयआर होत नाही. माहिती अधिकारात एनसी आणि गहाळ नोंदींचे महिनावार आकडे मागा. अर्ज 150 शब्दांत, विषय एकच, शुल्क 10 रुपये. गुन्हे घटले आणि गहाळ तेवढेच वाढले, तर काय झालं ते कळेल.

एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणेवार मिळतात (लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील सोडून). त्यात घटनेची आणि नोंदीची तारीख वेगळी असते. तक्ता घटनेच्या तारखेने करा.

शीवरेषा: टक्केवारी शेवटी काढा. समजा 40 च्या 52 झाल्या. 30 टक्के वाढ ऐकायला भारी, पण योगायोगाने किती वरखाली होतं त्याचा ढोबळ अंदाज घ्या: दोन्हींच्या बेरजेचं, 92 चं, वर्गमूळ साडेनऊच्या आसपास. त्याची दुप्पट 19. फरक त्याहून कमी, 12 चाच, म्हणजे एवढं वरखाली आपोआपही होतं. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवा.

सोसायटीवाला: ठीक, आधी गहाळचा अर्ज टाकतो.