पिशवी की पाकीट? दिवाळीआधी सोसायटीच्या ग्रुपवर

बी-२०४: नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीला वॉचमन मामा, जिना पुसणाऱ्या मावशी, कचरा न्यायला येणारी ताई आणि माळीकाका यांना मिठाईच्या बॉक्सऐवजी घरी शिवलेलं काहीतरी द्यायचं का? मशीन आहे, नवरात्रातले ओटीचे ब्लाऊजपीस आणि खणही बरेच साठलेत. माझ्या डोक्यात पोटल्या आहेत.

सी-१०३: लई भारी वहिनी! मी पण येते शिवायला.

ए-३०१ काकू: पोटली घेऊन मामा काय करणार गं? तंबाखूची पुडी ठेवणार त्यात?

सी-१०३: 😂😂

ए-३०१ काकू: हसू नको. पोटली लग्नात मिरवायला ठीक. यांना रोज हाताला लागेल असं काहीतरी द्या, डब्याची पिशवी म्हणा. आणि ओटीत आलेलं कापड शिवून पुढं ढकलायचं, वर ‘हातानं केलंय’ म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. शिवाय ब्लाऊजपीस पातळ असतो, जरा वजन पडलं की शिवणीत तोंड उघडतंय. अस्तराला घे हवा तर.

बी-२०४: आणि खण काकू? दिसतो किती सुरेख.

ए-३०१ काकू: दिसतो की. पण कात्री लावली रे लावली की कडेनं धागे सुटायला लागतात. मागं फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावून कडा इंटरलॉक केल्याशिवाय टिकत नाही. लाल खण असेल तर पांढरं ओलं फडकं घासून बघ. रंग उतरला तर फिक्या कापडाला लावायचाच नाही. वरच्या कडेला दोन बोटं पट्टी लाव, तेवढा शोभतो.

बी-५०१: एक विचारू का? पिशव्या-बिशव्या द्यायच्या म्हणजे बोनसचं पाकीट बंद, असं तर नाही ना?

ए-४०२: बंद नको, पण थोडं कमी करायला काय हरकत आहे? कापड, दोरा, मेहनत यालाही किंमत आहेच की.

ए-३०१ काकू: मेहनत आपल्या हौसेची. तिचे पैसे मामांच्या खिशातनं कशाला? पोरांचे कपडे, फराळाचं तेल-डाळ त्या पाकिटातनं येतं. ब्लाऊज शिवून मुलांच्या फिया भरल्यात मी. दिवाळीत गिऱ्हाइकं शिलाई बाकी ठेवून चकलीचं ताट पाठवायची, तेव्हा काय वाटायचं ते मला विचार.

ए-४०२: बरं काकू, मागं घेतो.

सेक्रेटरी: पाकीट मागच्या वर्षीइतकंच राहील. शिवायचं ते ज्यांना हौस आहे त्यांनी वरून करावं, वर्गणीत धरू नये. हा विषय इथं संपला.

ए-१०१ काका: कापडासाठी मांजरपाट बघा, साधं जाडं कोरं सुती कापड. इचलकरंजी एवढी जवळ असताना दुकानातलं महागडं कापड कशाला? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं पाठबळ होतं, म्हणूनच पुढं

सी-१०३: काका, आधी पिशवी होऊ दे 🙏

ए-१०१ काका: असू दे. सांगायचं एवढंच की मागावरचं कोरं कापड स्वस्तात पडतं. माझा पाहुणा आहे तिथं, आणून देतो. दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात गाडी लावायची तरी कुठं?

ए-३०१ काकू: आणा की. पण कोऱ्या कापडाला खळ असते. रात्रभर भिजवायचं, धुऊन वाळवून इस्त्री करायची, मगच कात्री. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात आकसतंय, मग डबा आत जात नाही.

बी-५०१: मी आत्ता खाली जाऊन विचारूनच आलो. मामा म्हणाले, डब्याला पिशवी चालेल, पण सायकलच्या हँडलला अडकवतो, बंद तुटायला नको. मावशी म्हणाल्या, “पिशव्यांचा ढीग आहे घरात. लेक बाळंतपणाला आलीय, दुपटं द्या की त्यापेक्षा.”

ए-३०१ काकू: हे बेस केलंस बघ. मग दोन्ही शिवूया.

पिशवीचं सांगते. डबा साडेपाच इंच रुंद, आठ इंच उंच धरला तर १३ इंच रुंद आणि १७ इंच उंच असे दोन तुकडे काप. दोन्ही बाजू आणि तळ अर्धा इंच सोडून टीप मार. मग तळाचा कोपरा असा दाब की बाजूची शिवण बरोबर तळाच्या शिवणीवर बसली पाहिजे. त्रिकोण होतो. टोकापासून तीन इंचावर आडवी टीप मार. तिथं रुंदी सहा इंच भरली की बरोबर. दुसरा कोपराही तसाच. त्यानं तळ सपाट होतो, डबा कलंडत नाही, आमटी सांडत नाही. वरची कड दीड इंच आत. बंदाला चार इंच रुंद पट्टी घेऊन चार पदरी घडी घाल, एक इंचाचा होतो. जोडताना नुसती आडवी टीप नको, चौकोन मारून आत फुली मार. सायकल खड्ड्यात गेली की सगळा हिसका तिथंच बसतो.

बी-२०४: काकू, स्क्रीनशॉट काढून ठेवला.

ए-३०१ काकू: आणि एकेक पिशवी पुरी करत बसू नको. सगळ्यांचे बंद एकदम, सगळे कोपरे एकदम. दुपट्याला नवं कापड नकोच, जुनी सुती साडी काढा कुणीतरी. जरीचा काठ कापून टाकायचा, टिकली-बटण काही नाही, बाळाला टोचतंय. थर जुळवून कच्चा दोरा मधून कडेकडं घालत जायचा. कडेनं सुरुवात केली की मध्ये फुगा येतो. धावदोरा हाताचा, गाठ आतल्या पदरात. ते मी रात्री टीव्ही बघत बसल्या बसल्या करते.

सी-१०३: साडी माझ्या सासूबाईंची आहे, एकदम मऊ झालीय. उद्या गरम पाण्यातनं काढून देते. आणि काकू, मी नणंदांसाठी पातेली उतरवायची फडकी करू का? आत स्पंज घालून?

ए-३०१ काकू: स्पंज बिलकूल नको, गॅसजवळ वितळतो. जुन्या टॉवेलचे दोन-तीन पदर घाल. वरचं कापड पण सुतीच, टेरिकॉट नको.

बी-२०४: म्हणजे माझ्या पोटल्या रद्दच?

ए-३०१ काकू: रद्द कशाला? तुझ्या बहिणी येतात ना दिवाळीला, त्यांना दे. त्या मिरवतील. फक्त ओटीचा नको, नवा खण आण. मशीनला १६ नंबरची सुई पण आण येताना, बंदाच्या इतक्या पदरांवर १४ ची मोडते.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी दहाला खालच्या हॉलमध्ये जमा. पाकिटाचे पैसे शनिवारपर्यंत माझ्याकडं द्या. ज्यांचे मागच्या वर्षीचेच राहिलेत त्यांना वेगळा मेसेज करतोय.

सी-१०३: काकूंचं पायमशीन तिसऱ्या मजल्यावरनं कोण उतरवणार? लिफ्ट तर बंद आहे.

ए-४०२: मी आणि बी-५०१ उतरवतो.

ए-३०१ काकू: वरचं डोकं सोडवून वेगळं न्या, ते आधी. पट्टा मी काढून ठेवते. आणि चहा पिऊनच जा वर आलात की.