ओपिनेल की पायोनियर?

रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू कोणता घ्यावा, ओपिनेल नंबर ८ की व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर, असा प्रश्न आहे. यावर बोलणारे सगळे पात्याच्या धारेवरच अडतात. धार दोन्हींना उत्तम लागते हो! खरा फरक पावसात कळतो.

ओपिनेलची मूठ लाकडाची. भिजली की फुगते आणि साडेआठ सेंटिमीटरचं पातं आतच आवळून बसतं. मग मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं, तेवढं नखाने धरून ओढायचं. त्यातून कार्बन स्टीलचं घेतलंत तर लिंबू कापून न पुसता मिटायची सोय नाही, काळे डाग पडलेच म्हणून समजा. पण आंबा, काकडी, पाव कापायला त्या पातळ पात्याला तोड नाही. शिवाय कडी फिरवली की पातं लॉक होतं.

पायोनियरला लॉक नाही, त्यामुळे टोकाने भोसकायची कामं टाळा, बोटावर मिटेल. मूठ मात्र ॲल्युमिनियमची, पातं स्टेनलेस, वर टोच्या आणि डबा उघडणी. जुलैत सह्याद्रीत भटकणार असाल तर डोळे झाकून हाच. डबा ऑफिसातच खायचा असेल तर ओपिनेल. विमानात मात्र दोन्ही चेक-इन बॅगेतच टाका.