मदत हवी आहे: ट्रेलरमध्ये टेन्शन येईना, रायझर (चढत जाणारा आवाज) नंतर सायलेन्स किती ठेवू?

सांगलीत आम्ही चौघांनी १८ मिनिटांची थ्रिलर शॉर्टफिल्म केलीय, शूट आयर्विन पुलावर आणि हरिपूरच्या संगमावर रात्रीचं, आता १ मिनिट १० सेकंदाचा ट्रेलर कापतोय पण बघणारा म्हणतो छान आहे, घाबरत कोणीच नाही. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनवर, २४ एफपीएस (सेकंदाला २४ फ्रेम).

आतापर्यंत केलेलं: शेवटी कट्स छोटे करत नेले, खाली रायझर म्हणून शेपर्ड टोन टाकला म्हणजे सूर चढतच राहिल्यासारखा वाटतो, त्यावर बूम (खालच्या सुरातला जड दणका). हेडफोनवर भारी, पण मोबाईलवर बूम गायबच, एवढा खालचा आवाज छोट्या स्पीकरला झेपत नाही बहुतेक. आणि आमची मंडळी बघणार व्हॉट्सॲपवरच. बूमला सॅच्युरेशन (म्हणजे आवाज थोडा फाडून वरचे सूर वाढवणं) देऊन पाहिलं तर नुसतं खरखरायला लागलं.

पुन्हा शूट शक्य नाही (पाणी वाढलंय). पुलावरचा एकच लांब शॉट आहे, कॅमेरा हळूहळू चेहऱ्याकडे सरकतो, तो मी तीन तुकड्यांत कापलाय, आणि आता वाटतंय तिथंच माती खाल्ली.

तर तो शॉट अखंड ठेवून फक्त नदीचा आवाज ठेवू का? आणि बूमच्या आधी पूर्ण शांतता साधारण किती फ्रेम ठेवता तुम्ही, १२ की २४?