प्रतिसाद: अडतं ते अपलोडवर

फोटो इंटरनेटवरून साठवून ठेवणाऱ्या बॅकअप सेवेसाठी गावाकडचा फोटोग्राफर दमडी मोजणार नाही, हे वरचं मत पटलं नाही. मी दिग्रसला लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क बसली, एका ताईच्या हळदीचे सगळे फोटो गेले. महिनाभरात तिचे वडील वारले. तिला काय सांगू? तेव्हापासून पैसे द्यायची माझी तयारी आहे.

अडतं ते अपलोडवर. एका लग्नाच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातले मूळ, प्रक्रिया न केलेले फोटो) सहज १०० जीबी होतात. १० एमबीपीएस अपलोड अखंड मिळाला तरी २२ तास लागतात, आणि इथं लाइन जाते ती ऐन लग्नसराईत. शिवाय पावसाळ्यात कमाई नसते, महिन्याचं बिल कुठून भरायचं? सेवा देणार असाल तर वर्षाचे पैसे मे महिन्यात एकदम घ्या, पहिला डेटा तालुक्याला येऊन डिस्कवर न्या. मी लगेच घेतो.