मेटास्प्लॉइटेबलचे सगळे पोर्ट बंद दाखवतंय, मदत हवी आहे

पोर्टखिडकी: काली (सुरक्षा चाचणीचं लिनक्स) आणि मेटास्प्लॉइटेबल २ (सरावाचं लक्ष्य), दोन्ही व्हर्च्युअलबॉक्सवर (एका संगणकात आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहेत. कालीतून पिंग जातो, एकही पॅकेट हरवत नाही. एनमॅप (पोर्ट तपासणारं टूल) लावला की १००० च्या १००० पोर्ट (सेवांचे दरवाजे) बंद. मेटास्प्लॉइटेबल मुद्दाम कच्चं ठेवलेलं असतं ना? मग एकही पोर्ट उघडा कसा नाही? फाइल पुन्हा उतरवली तरी तेच. शनिवारी प्रॅक्टिकल आहे, लवकर सांगा.

रात्रपाळी: होस्ट, म्हणजे तुमचा मूळ संगणक, विंडोज की लिनक्स? रॅम किती? दोन्ही मशीनचे नेटवर्क अडॅप्टर कोणत्या मोडवर आहेत? दोन्हींचे आयपी काय? एनमॅपला नेमका कोणता आयपी दिलात?

सह्यकडा: फायरवॉलचा घोळ दिसतो. विंडोज डिफेंडर बंद करून बघा.

रात्रपाळी: कृपया बंद करू नका. फायरवॉल पॅकेट गिळत असती तर एनमॅपने 'फिल्टर्ड' म्हटलं असतं. 'क्लोज्ड' याचा अर्थ समोरून रीसेट, म्हणजे नकाराचं उत्तर, आलं. म्हणजे त्या आयपीवर कोणीतरी जिवंत आहे, फक्त त्या पोर्टवर काही चालू नाही. ते 'कोणीतरी' कोण, हे आधी बघू.

तांबडा_पांढरा: एवढं कशाला? दोन्ही ब्रिज्डवर, म्हणजे थेट घरच्या नेटवर्कवर, टाका. राउटर आयपी देईल, संपला विषय.

कोकणकडा: मेटास्प्लॉइटेबल ब्रिज्डवर अजिबात नको. त्याचा पासवर्ड जगजाहीर आहे, पोर्ट १५२४ वर तर पासवर्डशिवाय थेट रूट शेल (पूर्ण अधिकारांची कमांड) मिळतं. हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर ते आलं की त्याच नेटवर्कवरच्या कोणालाही ते मशीन वापरता येईल. शिवाय ब्रिज्डवरून स्कॅन करताना सबनेट (आयपींचा पट्टा) चुकला तर दुसऱ्यांची मशीन स्कॅन होतात. परवानगीशिवाय कोणाच्या मशीनमध्ये शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ४३ लागतं, आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तांबडा_पांढरा: घरच्या वायफायवर कोण येतंय?

कोकणकडा: घरचे मोबाइल, टीव्ही, कॅमेरा. त्यातलं एक जरी बाधित असलं तरी पुरे. आणि इथे वाचणारे सगळे घरूनच करतात असं नाही.

पोर्टखिडकी: विंडोज ११, ८ जीबी. अडॅप्टरला हात लावलेला नाही. दोन्हीकडे आयपी १०.०.२.१५ आहे, एनमॅपला तोच दिला.

रात्रपाळी: सापडलं. फाइल ठीक आहे. तुम्ही कालीतून कालीलाच पिंग करताय आणि कालीलाच स्कॅन करताय. कालीवर मुळात कोणतीही सेवा चालू नसते, म्हणून सगळे पोर्ट बंद.

साध्या 'नॅट' मोडमध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला वेगळा आभासी राउटर देतो आणि त्यामागे प्रत्येकाला तोच १०.०.२.१५ मिळतो. दोन मशीन एकमेकांना दिसतच नाहीत.

दोन्ही बंद करा (सेव्ह स्टेट नको, पूर्ण शटडाउन). फाइल, टूल्स, नेटवर्क मॅनेजरमध्ये होस्ट-ओन्ली नेटवर्क (फक्त मूळ संगणक आणि त्यातली मशीन) आहे का बघा, नसेल तर बनवा आणि त्याचा डीएचसीपी सर्व्हर (आयपी वाटणारा) सुरू करा. मेटास्प्लॉइटेबलचा अडॅप्टर १ होस्ट-ओन्लीवर ठेवा, बाकी अडॅप्टर बंद. कालीचा अडॅप्टर १ नॅटवरच राहू द्या, म्हणजे अपडेट घेता येतील, आणि अडॅप्टर २ होस्ट-ओन्लीवर टाका. यादीत '#२' जोडलेलं दुसरं होस्ट-ओन्ली नाव असेल तर दोन्ही मशीनला एकच नाव निवडा. इथे हमखास चुकतं. कालीला २०४८ एमबी, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी पुरे.

चकलीबाज: माझं ऐका, व्हीएम (आभासी मशीन) सोडा. डॉकरवर (कंटेनर चालवणाऱ्या हलक्या टूलवर) कमकुवत वेब ॲप चालवा, ८ जीबीत सगळं हलकं होतं. आणि आधी नेटवर्किंगचं सर्टिफिकेट करा.

कोकणकडा: प्रॅक्टिकल मेटास्प्लॉइटेबलवर आहे. डॉकरचे कंटेनर होस्टचंच कर्नल (सिस्टिमचा गाभा) वापरतात. जुन्या कर्नलमधल्या त्रुटी तिथे शिकता येत नाहीत.

सह्यकडा: 'नॅट नेटवर्क' नावाचा वेगळा मोड आहे. त्यात मशीन एकमेकांना दिसतात आणि इंटरनेटही मिळतं. एकच अडॅप्टर पुरतो.

कोकणकडा: चालतं, पण मग मेटास्प्लॉइटेबललाही बाहेरची वाट मिळते, तुमच्या घरच्या नेटवर्कपर्यंतसुद्धा. कडक हवं असेल तर 'इंटर्नल नेटवर्क' घ्या. होस्ट-ओन्लीत विंडोज १९२.१६८.५६.१ वर समोर दिसतं, इंटर्नलमध्ये तेही नाही. मात्र तिथे आपणहून डीएचसीपी मिळत नाही, दोन्हीकडे आयपी हाताने द्यावा लागतो.

पोर्टखिडकी: केलं. मेटास्प्लॉइटेबलला १९२.१६८.५६.१०१ आला. कालीत ईटीएच१ (दुसरं नेटवर्क कार्ड) दिसतो पण त्याला आयपीच नाही!! पिंग 'अनरीचेबल'.

रात्रपाळी: दुसरं कार्ड नंतर जोडलं की कालीचा नेटवर्क मॅनेजर कधीकधी ते आपोआप उचलत नाही. टर्मिनलमध्ये सुडोसह 'एनएमसीएलआय डिव्हाइस कनेक्ट ईटीएच१' द्या. तरी नाही आला तर अडॅप्टर २ च्या ॲडव्हान्स्डमध्ये 'केबल कनेक्टेड'वर टिक आहे का बघा. आयपी १९२.१६८.५६ नेच सुरू व्हायला हवा. १६९.२५४ ने सुरू होणारा आला तर डीएचसीपी बंद आहे.

पोर्टखिडकी: कालीला १९२.१६८.५६.१०२ आला. एनमॅपमध्ये २१, २२, २३, २५, ८०... लांबलचक यादी! २१ वर व्हीएसएफटीपीडी २.३.४ (फाइल पाठवण्याची सेवा).

कोकणकडा: या मशीनवरच्या त्या प्रतीत मागचं दार आहे. युजरनेमच्या शेवटी हसरा चेहरा, म्हणजे अपूर्णविराम आणि कंस, दिला की ६२०० वर शेल उघडतं. एक्स्प्लॉइट (त्रुटी वापरणारा कोड) चालवण्याआधी मेटास्प्लॉइटेबलचा स्नॅपशॉट (आत्ताच्या स्थितीची प्रत) घ्या, मशीन बंद असताना. सेवा कोसळली की मागे जाता येतं.

चकलीबाज: माझ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये खाली हिरवं कासव दिसतं आणि काली रांगतं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे. हे का?

रात्रपाळी: विंडोजचा हायपर-व्ही, म्हणजे त्याची स्वतःची आभासी मशीनची यंत्रणा, आधीच प्रोसेसरवर बसलाय. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू आहे का? डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) वापरता का? तुमच्या डॉकरसाठी ते लागतं, म्हणून विचारतोय. काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की बाहेर कुठेतरी लिहून ठेवा, रीबूटनंतर विंडोज ती विचारू शकतो.